ओपनएसएसएलचा २०२२ चा दोष: किल्ल्या फुटलेल्या नाहीत

ओपनएसएसएल म्हणजे इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणारी, सर्व्हरवर वापरली जाणारी लायब्ररी. खासगी किल्ली हे सर्व्हरचं गुपित, तर प्रमाणपत्र म्हणजे त्याची ओळख पटवणारी सही केलेली फाईल. ‘ओपनएसएसएलच्या २०२२ मधल्या दोषामुळे खासगी किल्ल्या फुटल्या, सगळी प्रमाणपत्रं बदला’ असा मेसेज फिरतोय. तसं नाही. ती भीती २०१४ च्या हार्टब्लीडची (याच लायब्ररीतला, मेमरीतला डेटा बाहेर पाडणारा दोष), गल्लत झालीय. मार्च २०२२ चा दोष वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनमध्ये होता: मूळ (प्राइम) संख्येच्या जागी भलतीच संख्या आली की लूप संपेचना. मुद्दाम बिघडवलेलं प्रमाणपत्र वाचताना, सही तपासायच्या आधीच, प्रोसेस अडकते. डेटा फुटत नाही, सेवा बंद पडते. साध्या वेबसर्व्हरला धोका मुख्यतः क्लायंटकडून प्रमाणपत्र मागत असेल तर. (दुसऱ्या सर्व्हरशी बोलणारे प्रोग्रॅमही यात येतात, ते हमखास विसरले जातात.) १.१.१एन आणि ३.०.२ या आवृत्त्यांपासून दुरुस्ती आहे. अपडेटनंतर सर्व्हिस रीस्टार्ट कराच. नाहीतर जुनी लायब्ररी मेमरीत तशीच बसून राहते.