पन्नास मिनिटांचं उत्तर

सातवीच्या चाचणीत मी एक प्रश्न घातला होता : भरतीची वेळ रोज किती मिनिटांनी पुढे जाते? पुस्तकातलं उत्तर सरळ आहे, ५० मिनिटं. एका मुलीने लिहिलं, "पुनवेला कमी जाते, अष्टमीला जास्त जाते." मी लाल पेनाने फुली मारली आणि पुढचा पेपर ओढला.

ही मुलगी आजीबरोबर खाडीत कालवं काढायला जाते. सुकती म्हणजे ओहोटी कधी लागणार यावर त्यांच्या घरातला दिवस ठरतो, कारण खडक उघडे पडायची वेळ चुकली की त्या दिवसाचं काम बुडालंच. पेपर हातात पडला तेव्हा ती भांडली नाही. मधल्या सुट्टीत टेबलाजवळ येऊन एवढंच म्हणाली, "बाई, अष्टमीला पाणी फार रेंगाळतं. आमच्या आजीला विचारा हवं तर."

आजीला विचारायच्या आधी मी रात्री मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढलं आणि कागदावर वजाबाक्या करत बसले. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनव-अवसेच्या सुमारास, फरक ४० मिनिटांच्या आसपास. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते तेव्हा, तासाच्याही वर. ५० ही सरासरी. पोरीने सरासरीच्या आतलं सांगितलं होतं आणि एकवीस वर्षं शिकवणाऱ्या बाईने त्यावर फुली मारली होती. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी ती फुली खोडली.

हे लिहायला बसले त्याचं कारण, बालककेंद्री शिक्षणावर सध्या जे बोललं जातं त्यातलं बरंचसं मला पटत नाही. एका बाजूला "मुलं म्हणजे फुलं, त्यांना उमलू द्या" असं गोड गोड चाललेलं असतं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ही सगळी थेरं विज्ञानाने केव्हाच मोडीत काढली, फळा आणि खडू हेच खरं. माझं म्हणणं असं की ही पद्धत जन्मली तीच मुळी निरीक्षणातून, आणि निरीक्षण सुटलं की तिच्यात भिंतीवरच्या रंगाशिवाय काही उरत नाही.

मारिया मॉन्टेसोरी डॉक्टर होत्या. १९०७ साली रोममध्ये सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडलं. तिथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे भोकांत बसवायची, काढायची, पुन्हा बसवायची. बाईंनी तिला थांबवलं नाही आणि शाबासकीही दिली नाही. त्या मोजत राहिल्या. चाळीसच्या वर आवर्तनं झाली, मध्ये बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली, तरी तिचं लक्ष हललं नाही. रोग्याची नाडी मोजावी तशी त्यांनी एका मुलीची एकाग्रता मोजली. १९०९ साली त्यांनी आपली पद्धत लिहून काढली तेव्हा तिला 'शास्त्रीय' म्हटलं, ते या अर्थाने.

आणि आपल्याच किनाऱ्यावरचं बघा. ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला समुद्राकाठी ग्रामीण मुलांसाठी केंद्र सुरू केलं. मॉन्टेसोरीची लाकडी साधनं महाग, गावाला परवडणारी नव्हेत. मग शंख-शिंपले, बिया, काड्या, पानं हीच साधनं झाली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर ती का येत नाहीत हे पाहिलं आणि बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी झाली. पुढे बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांनी हे काम वर्षानुवर्षं चालवलं, आणि १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना आली तेव्हा हेच नाव देशभर गेलं. मूल येत नाही म्हणजे पद्धतीत काहीतरी चुकतंय, असं मानून पद्धत बदलणं. प्रयोगशाळेत याहून वेगळं काय करतात?

एक प्रयोग मी दर वर्षी नव्या शिक्षकांना सांगते. मानसशास्त्रज्ञ पियाजे म्हणायचे, लहान मुलाला संख्या टिकून राहते हे कळत नाही. गोट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा, एक ओळ ताणून लांब करा आणि विचारा, आता जास्त कुठे? मूल लांब ओळ दाखवतं. १९७०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने यात एक छोटा बदल केला. ओळ मोठ्या माणसाने हलवायचीच नाही, एक खट्याळ टेडी अस्वल येऊन ती विस्कटतं. तेवढ्याने बरोबर उत्तर देणारी मुलं पुष्कळ वाढली. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, म्हणजे आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार, असं मूल समजून चाललं होतं. हे वाचल्यापासून वर्गात "नक्की का?" असं विचारताना माझी जीभ अडखळते. बरोबर उत्तर खोडणारी किती मुलं मी स्वतः तयार केली असतील!

तर चाचणीनंतर आम्ही भरती मोजायची ठरवलं. दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण केलेला बांबू जेटीच्या खांबाला बांधला. पाळ्या लावल्या, वही केली. एका मुलाने आजोबांचा हिशेब आणला : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटं. मुलांनी गणित मांडलं. ३० तिथींत भरती घड्याळाचे पुरे २४ तास फिरते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. आजोबांचा हिशेब तीन मिनिटांनी तोकडा, पंधरवड्यात पाऊण तासाची तूट. बोटावर करायच्या गणिताला एवढी चूक आजोबा चालवून घेत असणार, असं मुलांनीच ठरवलं.

पण पहिल्याच दिवशी अडलं. पाणी नेमकं कधी थांबलं? कळसाला ते बराच वेळ हलल्यासारखंच वाटत नाही. एक म्हणतो आता, दुसरी म्हणते अजून चढतंय. तीन दिवस मी त्यांना भांडू दिलं आणि चौथ्या दिवशी सरळ सांगितलं : चढताना पाणी एका खुणेला लागतं ती वेळ लिहा, उतरताना त्याच खुणेवर येतं ती लिहा, कळस दोन्हींच्या साधारण मधोमध. हे त्यांना आपापलं सुचलं नसतं. फरक कमीजास्त का होतो, हे तर नाहीच नाही. सूर्याचाही समुद्रावर भरती आणणारा ओढा असतो, चंद्राच्या तशा ओढ्याच्या निम्म्याहून थोडा कमी, आणि दोघांची मिळून जी लाट होते तिचा कळस कधी थोडा आधी तर कधी थोडा मागून येतो, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावलं. अख्खा तास मी बोलले आणि मुलं ऐकत होती.

२००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी हेच तर मांडलं होतं. नवख्याला एकट्याला शोधायला सोडलं की त्याच्या डोक्यावर एकदम फार ओझं येतं. त्याला स्पष्ट दाखवून द्यावं लागतं, आणि जाण वाढेल तसा आधार कमी करता येतो. मला यात बालककेंद्री विचाराला मारक काही दिसत नाही. कालवं काढणारी ती मुलगी सुकतीच्या बाबतीत नवखी नाही, मी नवखी होते. आकृतीच्या बाबतीत ती नवखी. कोण कशात नवखं आहे हे कळायला मुलाकडे बघावं लागतं, पुस्तकाच्या मागे ते छापलेलं नसतं.

एका प्रशिक्षणात आम्हाला मुलांचे गट पाडायला सांगितले होते : बघून शिकणारी, ऐकून शिकणारी, करून शिकणारी. २००८ साली मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं तेव्हा तशा गटांप्रमाणे शिकवावं याला पुरेसा पुरावा मिळाला नव्हता. पण तक्ते मात्र आम्ही भरले. याचा राग येतो. तपासणीला येणारे तक्ते बघतात, रंगवलेली फरशी बघतात, फोटो काढतात. मुलांच्या निरीक्षणाची वही आजवर कोणीही मागितली नाही.

बांबू अजून जेटीवर आहे. आता सहावीची मुलं वही चालवतात आणि त्यांनी नवा प्रश्न काढलाय : मालवणला, आमच्या खाडीत आणि पार वर बोर्डीला भरतीचा कळस एकाच वेळी येतो का? किनाऱ्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांनी येत्या पौर्णिमेला मुलांना घेऊन वेळ मोजावी आणि मला कळवावी. खुणेवर चढतानाची आणि उतरतानाची, दोन्ही वेळा पाठवा.