ओके म्हणजे ‘ओला काला’ नव्हे

‘दिवसातून शंभरदा ओके म्हणता, फुल फॉर्म माहीत आहे का?’ हा मेसेज मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. त्यात तीन दावे आहेत. ओके हे ग्रीक ‘ओला काला’चं लघुरूप; लढाईत कुणी मेलं नाही की ‘झीरो किल्ड’ लिहायचे, त्यावरून ते आलं; आणि ट्रकमागचं ओके म्हणजे ‘ऑन केरोसिन’. यातला एकही टिकत नाही.

ग्रीकमध्ये ‘ओला काला’ आहे, अर्थही ‘सगळं छान’ असाच आहे. म्हणून तर लोकांना पटतं. पण अर्थ जुळला एवढ्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. जुना छापील पुरावा लागतो. तो अ‍ॅलन वॉकर रीड या अमेरिकी भाषाभ्यासकाने १९६०च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून शोधला. २३ मार्च १८३९च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ओ. के.’ छापलंय आणि लगेच पुढे खुलासा आहे : ऑल करेक्ट. आद्याक्षरं खरं तर ए आणि सी हवीत. पण त्या वेळी तिथे मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून लघुरूपं बनवायचं खूळ होतं. ‘ऑल करेक्ट’चं ‘oll korrect’ केलं, म्हणून ओ. के.; ‘ऑल राइट’चंही असंच ‘oll wright’ होऊन ‘ओ. डब्ल्यू.’ झालं होतं. ते कधीच विरलं. ओके तगलं, कारण १८४०च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी ते उचललं. त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’, आणि त्याची आद्याक्षरंही ओ. के. निवडणूक ते हरले, शब्द मात्र देशभर झाला. पुढे तारबाबूंनी तो रोजच्या वापरात आणला.

‘झीरो किल्ड’ची गोष्ट बहुतेक वेळा अमेरिकेच्या यादवी युद्धाला चिकटवतात. ते सुरू झालं १८६१ला, म्हणजे बावीस वर्षं उशिरा. विषय संपला.

केरोसिनची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली सांगतात. तोवर ओके शंभरीला आलं होतं, तेव्हा त्याचा उगम ट्रकच्या फळीवर शोधण्यात अर्थ नाही. (‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली. कारण होतं विनाकारण वाजणारे हॉर्न.)

एवढं पोटतिडकीने लिहितोय, कारण आमच्या भागातल्या एका मंडळाने गणपतीत प्रश्नमंजूषा घेतली, त्यात हा प्रश्न होता. सातवीतल्या मुलीने ‘ऑल करेक्ट’ सांगितलं. परीक्षकांनी मोबाइलमधला मेसेज बघून उत्तर चूक ठरवलं आणि ‘ओला काला’ म्हणणाऱ्याला गुण दिले. ती पोरगी माइक परत देताना ‘पण मी वाचलंय’ एवढंच म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मला याचा राग आहे. न तपासलेल्या मेसेजच्या जोरावर वाचणाऱ्या मुलांना खोटं पाडू नका. पुढच्या वर्षी हा प्रश्न ठेवायचाच असेल, तर ‘ओके पहिल्यांदा कुठे आणि कधी छापलं गेलं?’ असा विचारा, आणि उत्तरपत्रिकेत १८३९ लिहून ठेवा.