आईचा अर्ज परत करणारे तुम्ही कोण?

डोकं फिरलंय माझं. सकाळी आईला घेऊन इथल्या, बेळगावच्या कचेरीत गेलो होतो. वडील गेले, आता जमिनीच्या उताऱ्यावर वारस नोंद करायची आहे. आईनं रात्री बसून स्वतःच्या हातानं मराठीत अर्ज लिहिला होता. रेघांच्या कागदावर, समास सोडून, खाली 'आपली विश्वासू'. खिडकीतल्या माणसानं अर्ज वाचलाच नाही. लिपी बघितली आणि कागद परत सरकवला. 'कन्नडदाग बरीरि.' कन्नडमध्ये लिहा. आणि लगेच हाच माणूस फोनवर कुणाला तरी मराठीत सांगतोय, जेवायला थांबू नका, मला उशीर होईल! म्हणजे मराठी येत नाही असं नाही. कागदावरची तेवढी चालत नाही.

मी कन्नड बोलतो, वाचतो, पण सरकारी कन्नड लिहायला जमत नाही. मग बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या लेखनिकाकडे गेलो. शंभर रुपये. त्यानं अर्ज खरडला, आईपुढे ठेवला. पेन टेकवून आई थांबली. 'काय लिवलंय रे ह्यात?' सत्तरी ओलांडलेली, लिहिता-वाचता येणारी बाई, आणि स्वतःच्याच जमिनीच्या अर्जावर न वाचता सही करायची! मी वाचून दाखवायला लागलो तर वडिलांचं नावच चुकलेलं. जुन्या मराठी कागदांत दत्तोबा, आधारवर दत्तात्रय, आता कन्नडमध्ये दत्तप्पा. म्हणे कॉम्प्युटरच्या उताऱ्यावर तसंच आहे. आता तिन्ही नावं एकाच माणसाची म्हणून प्रतिज्ञापत्र करा. बॉन्ड पेपर, नोटरी, आणखी दोन खेपा. भाषा यांनी बदलायची आणि माझा बाप तोच होता हे आम्ही सिद्ध करायचं!

कुणी म्हणेल, कर्नाटकात राहता तर कन्नड शिका. शिकलोय की! खडेबाजारात गिऱ्हाईक बघून दुकानदार भाषा बदलतो, यल्लम्माच्या डोंगरावर दोन्ही भाषांत 'उदो' चालतो, माझे निम्मे दोस्त कन्नड घरातले आहेत. राज्याचा कारभार एका भाषेत चालावा, हे मलाही पटतं. बेळगावची फाईल बेंगळुरूत कुणाला तरी वाचता आली पाहिजे. पण ते भाषांतर कुणी करायचं? पगार घेणाऱ्या कचेरीनं की माझ्या आईनं?

हे काही मी मनाचं बोलत नाही. राज्यघटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतो. मराठी आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत आहे. 1956 ला राज्यांची पुनर्रचना होऊन आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आलो. त्याच वर्षी सातवी घटनादुरुस्ती झाली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत द्यावं आणि त्यांच्या संरक्षणाकडे बघायला खास अधिकारी असावा, असं तिनं घटनेत घातलं. तालुक्यात 15 टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्वही तेव्हापासूनचं. मग खिडकीपाशी यातलं काहीच कसं पोचत नाही?

बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, हा सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर आईनं थांबायचं का? पुढाऱ्यांना दोन्हीकडून आमची आठवण येते ती नोव्हेंबरात कर्नाटकाच्या स्थापनादिनाला, नाहीतर कुठं पाटीला काळं फासलं की. 2025 च्या फेब्रुवारीत बसमध्ये भाषेवरून मारामारीचं प्रकरण झालं आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या बंद. कोल्हापूरला दवाखान्यात निघालेली माणसं स्टँडवर लटकली. त्याच वर्षी महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी नको म्हणून लोक पेटून उठले, सरकारला दोन्ही आदेश मागे घ्यावे लागले. बरोबरच केलं लोकांनी. लहान पोरावर दुसरी भाषा लादू नये हे तिकडे कळतं, मग म्हाताऱ्या बाईवर लादू नये हे इकडे का कळू नये?

सोमवारी परत जाणार आहे. आईनं आत्ता अर्ज मराठीतच पुन्हा लिहायला घेतलाय. सोबत कन्नड भाषांतर जोडतो, माझी हरकत नाही. पण मूळ अर्ज हाच. घेणार नसाल तर 'मराठीत आहे म्हणून नाकारला' असं लिहून त्यावर सही-शिक्का द्या. कन्नडमध्ये लिहून द्या हवं तर. मला वाचता येतं.