मावशी-काका म्युनिकला येतायत? सुट्टी सत्कारणी लावायची पूर्वतयारी

सर्वप्रथम अभिनंदन. यंदाचा मे महिना गेला तुमचा. तिकडे मे म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, आणि इकडे १ मे, मग हिमेलफार्टचा गुरुवार, मग फिंग्स्टनचा सोमवार (दोन्ही ख्रिश्चन सणांच्या सुट्ट्या), त्या गुरुवारच्या पुढचा शुक्रवार रजा टाकली की सलग चार दिवस हातात, आणि तुम्ही तर जानेवारीतच टीममधल्या सगळ्यांच्या आधी तो शुक्रवार कॅलेंडरवर अडवून ठेवलेला, इटलीतल्या गार्डा लेकला जाऊन नुसतं पडून राहायचं म्हणून. ते आता विसरा. पडून काका राहणार, तेही तुमच्या सोफ्यावर.

सुरुवात कागदपत्रांपासून करा. शेंगेन व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र, तुमच्या पगाराच्या स्लिपा, किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा. विम्याचा आकडा ऐकून काका "एवढं काय होणारे मला?" असं विचारतील, त्यावर गप्प बसा. यात फायदा एकच, तुमचा पगार मावशीला कळतो, आणि मावशीला कळला की खानदानाला वेगळं सांगावं लागत नाही. मग फिरण्याचा प्लॅन येईल. "एवढं आलोच आहोत तर" या चार शब्दांत पॅरिस, स्वित्झर्लंड, ॲमस्टरडॅम आणि 'ते इटलीतलं वाकडं' एवढं सगळं बसतं. नकाशा दाखवायच्या भानगडीत पडू नका, काकांनी तो आधीच पाहिलाय आणि त्यांच्या मते सगळं जवळजवळच आहे.

सामानाबद्दल फोनवर स्पष्ट बजावा की युरोपियन युनियनच्या बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे नकोत, साजूक तूप तर अजिबात नको. मावशी "बरं" म्हणेल. एअरपोर्टवर ती बाहेर येईल तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघू नका. घरी येऊन बॅग उघडल्यावर भाजणी, मेतकूट, सांडगे, गोडा मसाला यांच्या तळाशी साडीत गुंडाळलेली बरणी निघेल. त्यावर नियमांचं छोटंसं भाषण करा, आणि भाषण संपलं की तेच तूप गरम भातावर घ्या.

आता मुख्य काम. तुमची सुट्टी वाया गेलीच आहे तर त्यांची तरी का मजेत जाऊ द्यायची? झोप पुरी व्हायच्या आत कचऱ्याचं प्रशिक्षण घ्या. निळा डबा कागदाचा, तपकिरी ओल्याचा, काळा उरलेल्याचा, काच मात्र कोपऱ्यावरच्या कंटेनरमध्ये, पांढरी-हिरवी-तपकिरी वेगळी, आणि रविवारी तीही टाकायची नाही कारण आवाज होतो. मावशी चाळीस वर्षं डोंबिवलीत दुधाच्या पिशव्या धुवून, खिडकीच्या गजाला वाळवून, रद्दीवाल्याला घासाघीस करून विकत आलीये, हे तुम्हाला आठवलं तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका. तिने चहाचा चोथा तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीत टाकला की "मावशी, इथे असं नाही चालत" म्हणायचं. खरं तर चालतं. पण 'इथे असं नाही चालत' हे वाक्य दिवसातून दहा-बारा वेळा म्हटल्याशिवाय आपण परदेशात सेटल झालोय हे त्यांना कळणार कसं?

मग शांततेचे नियम. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नको, रविवारी तर दिवसभर नको. कुकरची चौथी शिट्टी झाली की धावत जाऊन गॅस (म्हणजे ती सपाट काच) बंद करा आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंचं नाव घ्या. त्या आजीबाईंनी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही, उलट मावशीशी त्यांचं हातवाऱ्यांवर छान जमेल आणि तिसऱ्या दिवशी मावशीच्या हातात त्यांचा केक असेल. तुम्ही चार वर्षं 'हालो'च्या पुढे गेलेले नाही, ही गोष्ट झाकून ठेवा. फोडणीने स्मोक अलार्म वाजेल तेव्हा खाली टॉवेल हलवत उभं राहायचं काम काकांना द्या, त्यांनाही काहीतरी केल्यासारखं वाटतं.

दही शनिवारी रात्री सव्वाआठला संपेल. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, दुकानं आठला बंद, रविवारी उघडत नाहीत, स्टेशनातलं सुपरमार्केट तेवढं उघडं असतं. तिथे काकांना न्या. परतताना ते हिशोब मांडतील, युरो गुणिले शंभर, आणि त्या रात्री कढी जरा बेतानेच वाढली जाईल.

काकांना जर्मनीत सगळ्यात काय आवडेल? किल्ले नाही, कॅथीड्रल नाही. बाटल्या परत घेणारं मशीन. प्लॅस्टिकच्या बाटलीला २५ सेंट, म्हणजे पंचवीस रुपये! एकेक बाटली आत सरकवायची, ती आत गोल फिरते, बारकोड वाचला की गिळली जाते, चेपलेली असली तर थुंकल्यासारखी बाहेर येते. काका ती चेपलेली बाटली तोंडाने फुंकून पूर्ववत करतील आणि पुन्हा घालतील. मागे रांग लागेल. तुम्ही चिप्सच्या रॅककडे सरका, ओळख दाखवू नका. दुसऱ्या दिवसापासून ते बागेतल्या बाकांखाली वाकून बघायला लागले तर मात्र आवरा.

फिरायला नॉयश्वानश्टाइनचा डोंगरावरचा किल्ला अटळ आहे. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, काढून द्या, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, त्यावर आयसीई ही वेगवान गाडी चालत नाही, फक्त साध्या गाड्या, फ्युसेनपर्यंत दोन तास. "जर्मनीत गाड्या मिनिटावर धावतात" असं काका सोसायटीत सांगून आलेत. २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या, हे प्लॅटफॉर्मवर सांगू नका, अनाउन्समेंट सांगेलच. वर चढून गेलात की तिकिटावर छापलेल्या मिनिटाला आत, अर्ध्या तासात बाहेर, आत फोटो काढायला मनाई. मावशी म्हणेल, मग कळणार कसं की आपण आलो होतो? राजा लुडविगने १८६९ ला बांधायला घेतला वगैरे तुम्ही सुरू कराल तोच काका विचारतील, "म्हणजे याच्यावर लढाई एकही नाही?" नाही. "मग किल्ला कसला?" आणि त्यांच्याकडे हुकमाचा एक्का आहे, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत लुडविगचे हे महाल जागतिक वारशात गेले त्याच बैठकीत रायगडासकट आपले बारा किल्लेही गेलेत. आजूबाजूच्या जपानी टुरिस्टांना हे मराठीतून कळेल, तुम्ही फक्त मान हलवा.

जेवायला हॉटेलात जायचं तर आधीच सांगा की पाणी विकत मिळतं, साधं मागायचं, नाहीतर सोडा येतो. मेमध्ये जिथे तिथे पांढरं स्पार्गेल, म्हणजे ॲस्परॅगस, असतं. मावशी ते उचलून बघेल, चावेल आणि न चिडता म्हणेल, "शेवगा बरा." बिलाच्या वेळी काका पाकीट काढतील, तुम्ही हात धराल, झटापट होईल, वेटर शांतपणे बघत उभा राहील.

जाताना बॅग तेवीस किलोवर आणायचा कार्यक्रम रात्री एकपर्यंत चालेल (शांततेचा नियम? कोण विचारतंय). चॉकलेटं, सुऱ्या, फेसक्रीम. पन्नास युरोच्या वरच्या खरेदीवर टॅक्स परत मिळतो हे काकांना कळू न देणं हा एक मार्ग होता, पण ते त्यांना तुमच्याआधी माहीत असतं, त्यामुळे एअरपोर्टला चार तास आधी निघा, कस्टमचा शिक्का घ्यायचाय.

घर रिकामं झालं की फ्रिजमध्ये डबे सापडतील, प्रत्येकावर मावशीच्या अक्षरात नाव. आणि एक राहिलंच, काकांचं डॉइचलांडटिकेट. ते दहा तारखेच्या आत रद्द करावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात, आणि दहा तारखेला तुम्ही सगळे स्वित्झर्लंडच्या टिटलिस डोंगरावर बर्फात फोटो काढत होतात. ६३ युरो फुकट गेले हे काकांना चुकूनही कळू देऊ नका. वसूल करायला परत येतील.