‘स्वस्त इलेक्ट्रिक गाडी घेणारे फसले’ : त्या सात कारणांना माझं उत्तर

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या मैत्रिणींकडून, धाकट्या दिरांकडून आणि शेवटी मामांकडून. मामांनी खाली स्वतःची ओळ जोडली होती : ‘बाळ, तू घाई तर केली नाहीस ना?’ त्या ओळीमुळे लिहायला बसले.

मेसेजमधली सात कारणं थोडक्यात अशी. घरी चार्ज केलं तर विजेचं बिल पेट्रोलएवढंच येतं. चार्जिंगला अख्खी रात्र जाते. खंडाळ्याच्या घाटात अर्धी बॅटरी संपते. पाच वर्षांत बॅटरी मरते आणि गाडीच्या निम्म्या किमतीला नवी घ्यावी लागते. पावसात प्लग लावला तर शॉक बसतो. वीज कोळशाची, म्हणून प्रदूषण पेट्रोलपेक्षा जास्त. आणि विकायला काढली तर कुणी विचारत नाही.

माझ्याकडे दोन वर्षं टियागो ईव्ही ही टाटांची छोटी इलेक्ट्रिक गाडी आहे, २४ युनिटच्या बॅटरीची. (किलोवॅट-अवर म्हणजेच आपल्या बिलावरचं युनिट, म्हणून मी युनिटच म्हणते.) राहायला पुण्यात धायरीत, नोकरी शिवाजीनगरला, सासर वाईजवळच्या गावात. गाडी २४ हजार किलोमीटरच्या वर फिरली आहे, म्हणजे महिन्याला हजारेक.

बिलापासून सुरुवात करते, कारण मामांना खरी काळजी तीच आहे.

आमच्या घरचा वापर महिन्याला १४० युनिटच्या आसपास असायचा, आता २७० होतो. मधली १३० युनिटं गाडीची. शंभर किलोमीटरला बॅटरीतून बाराएक युनिट जातात, चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवर तेरा पडतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वर जावं तसं युनिट महाग होतं. मेसेज लिहिणाऱ्याचं इथवर बरोबर आहे. गाडी घरात आली की माणूस वरच्या टप्प्यात ढकलला जातो, आणि एसी, गिझर असलेल्या घरात तर गाडीची युनिटं आणखी महाग टप्प्यात मोजली जातात. पण पुढचा हिशोब त्याने केलेलाच नाही. तो करू.

दुसऱ्या टप्प्यात वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क सगळं धरून युनिटला १४ रुपये धरा. १३० युनिटांचे १,८२० रुपये. वरच्या टप्प्यातलं घर असेल तर २० रुपये धरा, २,६०० होतात. याच हजार किलोमीटरना लहान पेट्रोल गाडी पुण्याच्या गर्दीत लिटरला १५ देते असं मानलं, तर ६७ लिटर लागतात. १०४ रुपयांनी सात हजारांच्या आसपास. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, स्वतःचं बिल काढा आणि आकडे बदलून बघा. सर्वांत महाग युनिट धरलं तरी ते पेट्रोलच्या निम्म्याहून खालीच राहतं.

जिथे मेसेज खरा ठरला असता, ती जागा मात्र त्यात नाही. घरी प्लगच नाही, सगळं चार्जिंग बाहेर, असं असेल तर? बाहेरच्या फास्ट चार्जरवर जीएसटी धरून युनिटला २५ रुपये पडले, तर किलोमीटरला सव्वातीन रुपये होतात. सीएनजीची छोटी गाडी जवळपास तेवढ्यातच चालते. मग जास्तीचे पैसे देऊन इलेक्ट्रिक कशासाठी घ्यायची, हा प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून मला कुणी विचारलं, की घेऊ का, तर मी बॅटरीचं, रेंजचं (एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्याचं) काही बोलत नाही. तुझ्या पार्किंगच्या जागेपर्यंत तुझ्या मीटरची वायर येते का, एवढंच विचारते. येत असेल तर मेसेजमधली बहुतेक भीती गळून पडते. येत नसेल तर आधी तिची सोय कर, गाडी नंतर.

या प्लगबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यात माझी चूक झाली आहे.

पहिल्या महिन्यात मी पार्किंगच्या भिंतीवर आधीपासून असलेलं १५ अँपिअरचं सॉकेट वापरलं. गाडीसोबत मिळालेला चार्जर त्यात बसत होता, चार्जिंग होत होतं, मला वाटलं झालं काम. तिसऱ्या आठवड्यात सकाळी खाली गेले तर जळक्या प्लॅस्टिकचा वास. प्लग काढायला हात लावला आणि मागे घेतला, इतका गरम. सॉकेटच्या एका भोकाभोवती पिवळट-तपकिरी कडं पडलं होतं. वायरमनने उघडून दाखवलं : आतली पितळी पट्टी सैल झालेली, वायर दीड एमएमची, आणि तीच वायर पुढे पंपाच्या खोलीतल्या दिव्याला गेलेली. मिक्सर पाच मिनिटं चालतो, इस्त्री अर्धा तास. गाडी सात-आठ तास सलग दहा-बारा अँपिअर ओढते. सैल सॉकेटला ते झेपत नाही.

मग नीट काम करून घेतलं. आमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र चार एमएमची केबल, निळं इंडस्ट्रियल सॉकेट, त्याला वेगळा एमसीबी (वीज जास्त ओढली गेली की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) आणि अर्थिंग. मजुरीसकट १४ हजार लागले. त्यानंतर आजपर्यंत प्लग कोमटसुद्धा झालेला नाही. गाडीवर लाखो रुपये घालणाऱ्याने हे १४ हजार वाचवू नयेत, असं मी कळकळीने सांगते.

अर्थिंगचं महत्त्व गावी गेल्यावर कळलं. वाईला पहिल्यांदा गाडी लावली तर चार्जरवर लाल दिवा. घरात पंखे चालू, टीव्ही चालू, चार्जर मात्र ढिम्म. दिरांना वाटलं चार्जर बिघडला. खरं तर चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर वीज घेतच नाही. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात कित्येक वर्षांत कुणी पाणी घातलं नव्हतं, मे महिना, माती पार कोरडी. दोन बादल्या पाणी ओतलं, अर्ध्या तासाने दिवा हिरवा झाला. पुढच्या खेपेला मीठ-कोळसा भरून खड्डा नव्याने करून घेतला. घरातल्या फ्रिजला आणि गिझरलाही इतकी वर्षं धड अर्थिंग नव्हतं, हे त्या दिवशी सासूबाईंच्या लक्षात आलं.

पावसातल्या शॉकचं उत्तर यातच आलं. प्लग पूर्ण बसून गाडीने आणि चार्जरने एकमेकांना ओळखल्याशिवाय चार्जरच्या तोंडातून करंट सुटतच नाही, आणि गळती झाली तर आरसीसीबी क्षणात वीज तोडतो. बॅटरीचा डबा आयपी ६७ दर्जाचा आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जाऊ नये अशी त्याची चाचणी असते. धोका असलाच तर भिंतीवरच्या उघड्या सॉकेटचा. त्याला झाकण लावा, वर पत्रा टाका. आणि पूर आलेल्या रस्त्यात गाडी घालू नका, ही नाही आणि पेट्रोलचीही नाही.

‘अख्खी रात्र जाते’ हे वाक्य अर्धं खरं आहे. साध्या ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर दहा टक्क्यांपासून पूर्ण भरायला पावणेनऊ तास लागतात. पण रोज दहा टक्क्यांवर कोण येतं? माझं रोजचं जाणं-येणं ३० ते ३५ किलोमीटर. चारेक युनिट भरून काढायला दोन तासही पुरतात, आणि ते मी झोपलेली असताना होतं. पेट्रोल पंपाच्या रांगेत घालवलेली वेळ आठवली तर माझा वेळ वाचलाच आहे. लांबच्या प्रवासात मात्र थांबावं लागतं. फास्ट चार्जरवर दहाचे ऐंशी टक्के व्हायला तासभर, आणि चार्जर बंद असेल किंवा आधीच कुणी लावून जेवायला गेलं असेल तर आणखी. हे मी लपवणार नाही. एकदा महामार्गावरच्या एका चार्जरपाशी लेकीला घेऊन पावणेदोन तास बसले होते, मशीन ॲपवर चालू दाखवत होतं आणि प्रत्यक्षात बंद होतं. तेव्हापासून निघण्याआधी पुढच्या दोन चार्जरची माहिती काढते आणि २५ टक्क्यांच्या खाली जायच्या आत लावते. दर आठवड्याला पुणे-नागपूर करणाऱ्याने ही गाडी घेऊ नये.

रेंजचं म्हणाल तर कंपनीने सांगितलेला ३१५ किलोमीटर हा ठरावीक पद्धतीच्या चाचणीतला आकडा आहे. रस्त्यावर, एसी लावून, मी १९० ते २०० धरून चालते.

आता घाट. घाटाच्या पायथ्याचं खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, माथ्यावरचं लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. म्हणजे चढ साधारण ५६० मीटरचा. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी तेवढी उंच उचलायला शाळेतल्या सूत्राने सव्वादोन युनिट लागतात, मोटरमधली तूट धरून अडीच. २४ मधले अडीच. अर्धी बॅटरी म्हणजे १२ युनिट झाली, ती जाणार कुठे? गेल्या दिवाळीत ठाण्याहून येताना मी मुद्दाम आकडे लिहून ठेवले : खोपोलीला ६१ टक्के, लोणावळ्यात ४३. त्या अठरातले सात-आठ टक्के सपाट रस्त्यावरही गेले असते. आणि मेसेजने परतीचा रस्ता तर विचारातच घेतला नाही. उतारावर पाय सोडला की मोटर जनित्रासारखी फिरते आणि बॅटरी भरते. जाताना लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत माझे दोन टक्के वाढले होते, ब्रेक तर नावाला लागला.

बॅटरी पाच वर्षांत मरते म्हणणाऱ्याने वॉरंटीचा कागद वाचलेला नाही. त्यावर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर लिहिलं आहे, माझ्या फिरण्याने आठ वर्षं आधी येतील. सेल लोह-फॉस्फेट रसायनाचे आहेत. ते जड असतात, पण पुष्कळ चार्ज सोसतात आणि तापले तरी लवकर पेट घेत नाहीत. मुळात बॅटरी दिव्यासारखी फट्‌कन जात नाही, तिची क्षमता हळूहळू कमी होते. दोनशे जाणारी गाडी पुढे कधीतरी एकशेसाठ जाईल, आणि शहरात तेवढी पुरते. किमतीचं म्हणाल तर २०१० मध्ये बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव युनिटमागे हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला. हा कंपन्यांना पडणारा भाव आहे, ग्राहकाला सुटा पॅक पुष्कळ महाग पडतो, हे खरं. तरी आजची किंमत आठ वर्षांनंतरच्या बिलावर लिहून लोकांना घाबरवणं बरोबर नाही.

कोळशाच्या कारणाला मी सर्वांत जास्त मान देते, कारण प्रश्न चांगला आहे. आपली वीज मुख्यतः कोळशाचीच. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. शंभर किलोमीटरची तेरा युनिटं, तारांमधली गळती धरून दहा-साडेदहा किलो. पेट्रोलचं एक लिटर जळलं की २.३ किलो, म्हणजे शंभर किलोमीटरला पंधरा. बॅटरी बनवताना दीड-दोन टन जास्त धूर झाला असं मानलं, तर तो तीस-चाळीस हजार किलोमीटरमध्ये फिटतो. तिथून पुढे ही गाडी स्वच्छच. कोळसा कमी होईल तसा हा आकडा आणखी खाली येईल, तर पेट्रोलच्या गाडीचा धूर ती जुनी होईल तसा वाढत जातो. आणि सकाळी शाळेच्या फाटकासमोर गाड्या उभ्या असतात, तेव्हा मुलांच्या तोंडावर येणारा धूर माझ्या गाडीचा नसतो. मला याचं मोल फार वाटतं.

सातवं कारण मात्र मान्य. जुन्या इलेक्ट्रिक गाडीला आज भाव कमी मिळतो. दोन-तीन वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर नुकसान होईल. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवर आधीपासूनच ५ टक्के होता, त्यामुळे किमतीतलं अंतर वाढलं. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्याला ते भरून निघायला फार वर्षं लागतील, त्याने पेट्रोलचीच घ्यावी. माझ्या हजार किलोमीटरमागे चार-पाच हजार वाचतात, आणि मी ही गाडी दहा वर्षं वापरणार आहे.

मामा, मी घाई केली नाही. सॉकेटच्या बाबतीत केली, तेवढी एकच.

आमच्या सोसायटीत मात्र तो मेसेज फिरल्यापासून दोघांच्या चार्जिंगच्या परवानगीचे अर्ज अडले आहेत. गाडीचा मालक आपल्या सध्याच्या वीजजोडणीवरून स्वतःची गाडी घरी चार्ज करू शकतो, असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलं आहे. येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. त्या सूचनांची प्रत मी काढून ठेवली आहे, वायरमनलाही बोलावलं आहे. आणि ते जळकं सॉकेट टाकून दिलेलं नाही, तेही सोबत नेणार आहे. अर्ज अडवणाऱ्यांना आगीची भीती वाटते ना, तर आग कुठून लागू शकते आणि ती कशी टाळायची, हे त्यांनी ते हातात घेऊन बघावं.