पिसदुऱ्याचे दगड खोटे नाहीत

गेल्या रविवारी रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. बारावीनंतर जीऑलॉजी घ्यायचं, असं तिनं घरी सांगितलं आणि तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या भाऊजींनी, उत्तर म्हणून घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. खाली एकच ओळ : ‘हे वाच आणि मग ठरव.’ हा फॉरवर्ड महिनाभरात मला चौथ्यांदा आला होता. तीनदा मी गप्प बसले. आता एका मुलीचं शिक्षण त्यावर ठरायला निघालंय, म्हणून हे लिहिते आहे. मी नागपूरला याच विषयात एम.एस्सी. केलं आणि माझं माहेर वरोऱ्याचं आहे. ते का सांगते, ते पुढे कळेल.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं : भारतात डायनोसॉर नव्हतेच, म्युझियममधले सांगाडे प्लास्टरचे आहेत. जे काही शोधलं ते इंग्रजांनी, आणि ते लंडनला नेलं; आपल्या विद्यापीठांनी आणि सरकारी खात्यांनी फक्त पगार घेतले. चंद्रपूर जिल्ह्यात साधे दगड ‘डायनोसॉरचं शेण’ म्हणून दाखवून निधी लाटतात. आयआयटीनं समुद्रमंथनातला वासुकी शोधला, ते मात्र दडपलं जातं. आणि शेवटी, शेतात गोल दगड सापडला तर ते अंडं असू शकतं, परदेशात त्याचे कोटी रुपये मिळतात, कुणाला सांगू नका.

प्लास्टरचं आधी संपवते, कारण त्याला दोन मिनिटं पुरतात. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिसांनी उभारलेल्या संख्याशास्त्राच्या संस्थेत, बारापासॉरस या डायनोसॉरचा सांगाडा उभा आहे. महालनोबिसांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या जीवाश्मतज्ज्ञ बाईंना बोलावलं, त्यांनी इथल्या तरुणांना हाताशी धरून प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात काम सुरू केलं, आणि आपल्या सिरोंच्याच्या पलीकडे, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, पोचमपल्ली गावाजवळ सुमारे ३०० हाडं निघाली. निदान सहा प्राण्यांची. त्यात मांडीचं एक हाड माणसाच्या उंचीएवढं, म्हणून ‘बारापा’, बंगालीत मोठा पाय. पहिला मोठा हंगाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी झाला, म्हणून पुढचं नाव ‘टागोरी’. १९७५ मध्ये हे नाव चार भारतीय संशोधकांनी दिलं. हो, त्या सांगाड्याचं डोकं बनवलेलं आहे, कारण कवटी सापडलीच नाही. न सापडलेला भाग भरून काढतात, जगभर काढतात, आणि तसं सांगूनच काढतात. त्यावरून बाकीची हाडं खोटी कशी ठरली?

इंग्रजांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. ते मला कबूल करावं लागतं, आणि करताना त्रास होतो.

१८२८ मध्ये जबलपूरजवळ बडा शिमला टेकडीवर पहिली हाडं उचलली ती कॅप्टन स्लीमननं. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच. डायनोसॉर हा शब्द तोवर जन्मलाही नव्हता, तो १८४२ चा. ती हाडं हातोहात कोलकात्याला पोचली आणि १८७७ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लायडेकरनं त्यांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ नाव दिलं. भारतातला नाव मिळालेला पहिला डायनोसॉर. पुढे मॅटली या भूगर्भशास्त्रज्ञानं त्याच टेकडीवर खणलं, जर्मनीच्या फॉन ह्यूनेबरोबर १९३३ मध्ये मोठा ग्रंथ काढला, आणि त्याच्या संग्रहातली काही हाडं लंडनला गेली. इथवर फॉरवर्ड बरोबर.

पण स्लीमनच्या हाडांतलं शेपटीचं हाड लंडनला गेलं नव्हतं. ते कोलकात्यातच होतं आणि कोलकात्यातच हरवलं. शंभराहून जास्त वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं की ते आहे कुठे. लंडनमध्ये उरला होता तो त्याचा प्लास्टरचा ठसा, आणि जगभरचे अभ्यासक त्या ठशावर काम करत होते. प्लास्टरला हिणवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. शेवटी २०१२ मध्ये जीएसआयच्या, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्याच्या, कोलकात्याच्या कार्यालयात जुना संग्रह तपासताना ते हाड पुन्हा हाती लागलं. शोधणाऱ्यांत होते धनंजय मोहबे, आपल्या नागपूरचे. २०१३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर लेख आला. आता मला सांगा, यात चोरी कुणी केली? हाड कुणी पळवलं नव्हतं. ते आपल्याच कपाटात, चिठ्ठीवाचून पडलं होतं. मॅटलीनं गोळा केलेली इतरही कितीतरी हाडं कोलकात्यात अशीच बेपत्ता झाली. रागावायचं असेल तर या हेळसांडीवर रागवा, मी तुमच्या बरोबर रागावेन. कॉलेजात असताना एका विभागात मी स्वतः लाकडी कपाट उघडलं होतं. ट्रेमध्ये हाडं होती, खालच्या चिठ्ठ्या वाळवीनं खाल्लेल्या. हाड कुठल्या गावचं, कुठल्या थरातलं, हे कळायची सोय संपली होती. तो ट्रे हातात धरून मी किती वेळ उभी होते, मला आठवत नाही.

‘विद्यापीठांनी आणि सरकारी खात्यांनी काही केलं नाही’ हे मात्र सरळ खोटं. राजासॉरस घ्या. नर्मदेच्या नावानं ओळखला जाणारा हा मांसभक्षक गुजरातेत रहिओलीला निघाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जीएसआयच्या सुरेश श्रीवास्तवांनी हाडं गोळा केली आणि कुठलं हाड कुठे पडलं होतं त्याचा तपशीलवार नकाशा काढून ठेवला. वीसेक वर्षांनी त्या नकाशावरूनच हाडं एका प्राण्याची म्हणून जुळवता आली आणि २००३ मध्ये नाव जाहीर झालं. त्यात चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचे अशोक साहनी होते. सनाजे या जीवाश्माचंही तसंच. मोहबेंनी गुजरातेत ढोली डुंगरीला अंड्यांसह हाडांचा दगड उचलला, १९८७ मध्ये त्यावर लिहिलं, तेव्हा ती पिल्लाची हाडं वाटली. २००१ मध्ये तोच दगड पुन्हा नीट पाहताना मणके सापाचे निघाले. डायनोसॉरच्या घरट्यात अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, शेजारी नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू. २०१० मध्ये हे छापून आलं. चूक झाली होती, ती पुढच्या कामात मोहबेंसह सगळ्यांनी मिळून दुरुस्त केली. फुकटचा पगार खाणारी माणसं असं करत नाहीत.

आता शेणाकडे येते. सगळ्यात जास्त संताप याचाच आला आहे, आणि भाऊजींनी याच ओळीखाली हसण्याच्या बाहुल्या टाकल्या होत्या.

वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. लाल चिकणमातीची वावरं, आणि नांगरटीनंतर वर येणारे गोटे. कुणी केळ्यासारखा लांबट, कुणी सुपारीएवढा, कुणी मुठीत न मावणारा. १८६० च्या सुमारास नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपूरकरांना माहीत आहे, आणि जे इंग्रज नव्हते, स्कॉटिश होते) यांनी इथली हाडं पाहिली. १८७९ मध्ये लायडेकरनं इथल्या हाडांवरून टायटॅनोसॉरसची दुसरी जात नोंदली. १९३९ मध्ये मॅटलीनं या गोट्यांवर स्वतंत्र लेख लिहिला आणि आकारावरून त्यांचे गट पाडले.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आमची फील्ड ट्रिप इथे आली होती. मी एक गोटा उचलून पिशवीत टाकला. सरांनी तो काढायला लावला, होता तिथे ठेवायला लावला, आधी वहीत जागा लिहायला लावली, शेजारी कंपास ठेवून फोटो काढायला लावला. मग फुटलेला दुसरा एक गोटा हातात देऊन म्हणाले, भिंग लाव. तुटलेल्या बाजूवर बारीक तंतू होते, आडवेतिडवे, दडपलेले. वरून वळ्या पडलेल्या, एक टोक निमुळतं. आमच्या घरी गोठा होता. मी शेण पाहत मोठी झाले. ते काय आहे, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पण माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. २००५ च्या नोव्हेंबरमधला ‘सायन्स’ या नियतकालिकातला लेख पाहा. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, आणि पुन्हा अशोक साहनी व सहकारी. त्यांनी पिसदुऱ्याच्या गोट्यांचे तुकडे घेतले, आम्लात विरघळवले आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गवताच्या पेशींत सिलिकाचे अगदी बारीक कण तयार होतात. ज्वारीच्या पानानं बोट कापतं ना, ती धार त्यांच्यामुळेच येते. पान कुजतं, पचतं, पण कण उरतात, आणि गवताच्या प्रत्येक कुळात त्यांचा आकार वेगळा. असे कण त्या गोट्यांत निघाले, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. त्याबरोबर ताडवर्गाचे आणि सूचिपर्णी झाडांचे अवशेष.

याचं महत्त्व काय, ते ऐका. तोवर गवताचे खात्रीचे जुने पुरावे साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे होते. डायनोसॉर संपले सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे दोघांची कधी गाठच पडली नाही, असं जगभर शिकवलं जात होतं. चित्रकार डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढत नसत. पिसदुऱ्याच्या वावरातल्या या गोट्यांनी ते मोडलं. २०११ मध्ये याच गटानं पुढचं दाखवलं, की त्या कणांत भाताच्या कुळातलेही आहेत. चंद्रपूरच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत आज जे धान पिकतं, त्याचे दूरचे नातलग इथल्याच प्राण्यांनी तेव्हा खाल्ले होते. आता सांगा भाऊजी, ही खोटी गोष्ट कुणी रचली असती तर ती ‘सायन्स’च्या तपासणीतून गेली असती, आणि त्यानंतरची इतकी वर्षं जगातल्या प्रयोगशाळांतून टिकली असती?

अतिशयोक्ती मलाही नको. हे शेण टायटॅनोसॉरचंच, म्हणजे टायटॅनोसॉरससारख्या लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या डायनोसॉरचंच, हे म्हणण्याला आधार असा, की त्यांची हाडं त्याच थरात आहेत आणि गोट्यांत वनस्पती आहेत. प्राणी शेण टाकताना कुणी पाहिला नाही. आणि गवत हा त्या आहाराचा थोडाच भाग होता. लेखातही तसंच म्हटलं आहे.

वासुकीबद्दल थोडक्यात. २०२४ मध्ये आयआयटी रुरकीच्या देबजित दत्त आणि सुनील बाजपेयींनी कच्छच्या पानंध्रो लिग्नाइट खाणीतल्या सापाला ‘वासुकी इंडिकस’ नाव दिलं. २७ मणके, सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचे, अंदाजे लांबी ११ ते १५ मीटर. शोध मोठा आहे आणि कुणी दडपलेला नाही, सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता. पण साप प्रचंड होता म्हणून संशोधकांनी पुराणातलं नाव निवडलं. नावावरून पुराणातला प्रसंग सिद्ध होत नाही, आणि ते संशोधकही तसं म्हणत नाहीत. त्या काळात माणूस नव्हता. माझी आई रोज शिवलीलामृत वाचते. तिच्या श्रद्धेला या मणक्यांच्या साक्षीची गरज कधी पडली नाही.

आणि आता कोटी रुपयांचं अंडं. बाकीच्या खोटेपणानं फक्त डोकी बिघडतात, यानं मात्र जमिनीतला पुरावाच कायमचा जातो. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात दिल्ली विद्यापीठाच्या मंडळींनी डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली, २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. घरटी एकमेकांपासून किती अंतरावर, एका घरट्यात अंडी किती, ती कशी मांडलेली, यावरून मादी अंडी कशी घालत होती ते कळलं. अंडी जागेवर होती, म्हणूनच हे जमलं. त्याच जिल्ह्यात पाडल्या गावात लोक असे गोल दगड काकड भैरव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत आले होते. तज्ज्ञांना ते अंडी वाटली, तेव्हा ती निदान शाबूत तरी होती. शेंदूर लावणाऱ्यांनी ती जपली, विकायला निघालेला जपणार नाही. वावरातून उचलून पिशवीत घातलेलं अंडं म्हणजे फक्त गोल दगड. कुठल्या थरातलं, शेजारी काय होतं, हे एकदा गेलं की कुठलंही विद्यापीठ ते परत आणू शकत नाही. मी पाहिलेला वाळवीचा तो ट्रे तरी नशिबाचा, त्यात हाडं होती.

म्हणून शेतात काही संशयास्पद दिसलं तर हलवू नका. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो काढा, गट नंबर आणि धुऱ्यापासूनचं अंतर लिहा, आणि नागपूरला सेमिनरी हिल्सच्या जीएसआय कार्यालयात किंवा विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात कळवा.

हे सगळं मी ग्रुपवर टाकते आहे, त्या फॉरवर्डच्या खाली. भाचीची परीक्षा संपली की ती वरोऱ्याला येणार आहे. एप्रिलात वावरं मोकळी असतात, पण ऊन फार, म्हणून पहाटे निघायचं आणि नऊच्या आत परतायचं. भाऊजी, तुम्हीही या. भिंग मी आणते.