आगाऊ आभार

माझ्या आज्जीनं वाड्यातून फ्लॅटमध्ये राहायला मिळावं म्हणून गणपतीला एकवीस नारळ बोलले होते. ठेंगणी दारं, काळोखा जिना, अर्ध्या वाड्यात मिळून एक संडास आणि रात्री कुणी उठलं की सगळ्या बिऱ्हाडांना वर्दी देणाऱ्या फळ्या, या सगळ्याला ती विटली होती. नारळ फळाला आले आणि आज्जी लिफ्टच्या इमारतीत सुखानं गेली. तिची नात मात्र गेल्या जूनमध्ये रात्रीचे एकशे दहा युरो मोजून फ्रान्समधल्या तसल्याच वाड्यात तीन रात्री राहून आली.

दोष लेकीचा. ती पॅरिसला नोकरी करते. "आई, हॉटेलं सगळीकडे सारखीच. तुम्ही दोघं जरा ऐतिहासिक घरात राहा," असं म्हणून तिनं परस्पर खोली ठरवून टाकली. 'ऐतिहासिक' म्हटल्यावर हुरळून जायचं तिचं वय आहे. माझं वय कमोड कुठं आहे हे आधी विचारायचं.

जागा ल्वार नदीच्या खोऱ्यात, अंब्वाझ गावाजवळ. अशा घरगुती खोल्यांना तिकडे 'शांब्र दोत' म्हणतात. सरकारी नियमच आहे म्हणे: पाचाच्या वर खोल्या द्यायच्या नाहीत, पंधराच्या वर पाहुणे घ्यायचे नाहीत, सकाळची न्याहारी भाड्यातच धरायची आणि पाहुण्यांचं स्वागत घरच्यांनी स्वतः करायचं. स्वागताची वेळ संध्याकाळी पाच ते सात. आम्ही साडेतीनलाच पोचलो आणि घंटा वाजवली. वरच्या मजल्यावरचा पडदा हलला, पण दार हललं नाही. दुपारी एक ते चार बंद राहणाऱ्या दुकानांच्या गावची माणसं आम्ही, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही. समोरच्या चर्चच्या पायरीवर सूटकेसवर बसून राहिलो. पाचचे ठोके पडले आणि दार उघडलं. दारात पंच्याहत्तरीच्या मादाम, गळ्यात मोत्यांची माळ आणि हातात वीतभर लांबीची लोखंडी किल्ली.

खोलीचं नाव 'निळी खोली'. मादामनी दार उघडलं, मी आत गेले. मागून खण्णकन नव्हे, धप्पकन आवाज आला. हे सहा फूट आहेत. दार नव्हतं.

मादाम अजिबात गडबडल्या नाहीत. दुसरं कुणी बर्फ आणला असता, त्यांनी इतिहास आणला. त्या कौतुकानं सांगू लागल्या की असंच इथं जवळ, अंब्वाझच्या किल्ल्यात, ७ एप्रिल १४९८ ला आठव्या चार्ल्स राजाचं झालं. ज्या खेळातून पुढं टेनिस निघालं तो खेळ बघायला राजा राणीला घेऊन चालला होता, वाटेत एका ठेंगण्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. त्याला काही वाटलं नाही. त्यानं खेळ बघितला, चार लोकांशी गप्पा मारल्या, आणि मग एकाएकी कोसळला तो काही तासांत गेलाच. वय अवघं २७.

"मग?" ह्यांनी डोक्यावरचा हात न काढता विचारलं.

मुलंबाळं हयात नव्हती. गादी भाऊबंदांपैकी एकाला मिळाली, तो बारावा लुई. त्यानं पुढच्याच वर्षी आपल्या पहिल्या बायकोशी काडीमोड घेऊन त्या विधवा राणीशी लग्न केलं.

त्या रात्री हे मला दर तासाला उठवून विचारत होते, "मी नीट बोलतोय ना?"

मादाम गेल्यावर टेबलावरची फाइल दिसली. निळ्या फितीनं बांधलेली, आत प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेली अकरा पानं. वर सुंदर तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'प्रिय पाहुण्यांनो, हे घर तुमच्यापेक्षा वयानं मोठं आहे.' आता इथं एक सांगायला हवं. आमचे हे वीज मंडळात तेहेतीस वर्षं होते. सूचना या विषयावर त्यांची मतं ठाम आहेत. एक कवटी, दोन हाडं आणि खाली 'धोका', एवढ्यात जे सांगता येत नाही ते सांगण्याजोगं नसतंच, असं ते मानतात. त्या माणसापुढे अकरा पानं.

मोबाइल पानावर धरला की मराठी भाषांतर दिसायचं. पहिलंच वाक्य आलं, 'सूटकेस पलंगावर न ठेवल्याबद्दल धन्यवाद.'

ह्यांनी सूटकेस पलंगावरून उचलली.

'जमिनीच्या लाद्यांवर चाकं न फिरवल्याबद्दल धन्यवाद.' जमीन भाजक्या मातीच्या षट्कोनी लाद्यांची होती, तांबडी, मेण लावून चकचकीत केलेली. ह्यांनी सूटकेस हातातच धरली. 'खिडकीजवळच्या खुर्चीवर न बसल्याबद्दल धन्यवाद.' मी उठले. बसायला काही नाही म्हणून भिंतीला टेकले. 'भिंतींना न टेकल्याबद्दल धन्यवाद.' भिंत त्या भागातल्या पांढऱ्या दगडाची. त्युफो म्हणतात त्याला. इतका मऊ की नखानं ओरखडा उठावा. आजूबाजूचे बरेच नामांकित राजवाडे याच दगडाचे आहेत आणि आता त्यातला थोडासा माझ्या काळ्या स्वेटरच्या पाठीवर होता.

मला वाटलं भाषांतर गंडलंय. लेकीला फोन लावला. ती म्हणाली, बरोबर आहे, फ्रेंचमध्ये असंच लिहितात, 'मेर्सी द न पा', म्हणजे अमुक न केल्याबद्दल आभार.

याचा मी तीन दिवस विचार केला. आपल्याकडे 'येथे वाहन लावू नये' अशी पाटी असते. ती वाचून माणूस चिडतो, कुरकुरतो, प्रसंगी तिथंच वाहन लावतो. पाटीशी भांडायची सोय असते. पण आपण काही करायच्या किंवा न करायच्या आत समोरच्यानं आभारच मानून टाकले तर करता काय? मागितले नसताना कुणी आपल्या खिशात पैसे कोंबावेत आणि मग फेडीसाठी दारात उभं राहावं, तसं ते वाटायचं. ह्यांनी मोजले, अकरा पानांत एकेचाळीस वेळा आभार. मराठीत आगाऊ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिल्या दिवशी मला एक आठवला, तिसऱ्या दिवशी दुसरा.

खरा प्रसंग न्हाणीघरात गुदरला. पान सहा: 'न्हाणीघराची जमीन ओली न केल्याबद्दल धन्यवाद.'

हे वाक्य मराठी माणसाला वाचता येतं, समजत नाही. जमीन लाकडी फळ्यांची. तिला उतार नाही, कोपऱ्यात मोरी नाही, साधं भोक नाही. मधोमध सिंहाच्या पंजांवर उभा असलेला पांढरा टब. त्याला पडदा नाही. नळाला एक लवचीक नळी, तिच्या टोकाला टेलिफोनसारखा शॉवर, आणि तो अडकवायला वर काहीही नाही, कारण भिंतीला खिळा न मारल्याबद्दल पान चारवर आभार मानून झालेले. म्हणजे टबात बसायचं, एका हातात शॉवर धरायचा, उरलेल्या एका हातानं साबण लावायचा आणि साबण हातातून निसटला की शॉवर कुणाकडे बघतोय यावर लक्ष ठेवायचं. मी पाच फुटांची. टबाची कड चढताना तिथं कुणी नव्हतं, हेच माझं भाग्य.

हे आधी जायलाच तयार नव्हते. "बसून अंग धुणं हे आजाऱ्याचं काम आहे. बादली कुठंय?" बादली नव्हती. शेवटी गेले. चाळीस मिनिटांनी विजयी मुद्रेनं बाहेर आले. "जमीन बघ. थेंब नाही."

खरंच थेंब नव्हता. सगळे थेंब टबाभोवती अंथरलेल्या चार जाड, पांढऱ्या, कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं अक्षरं भरलेल्या कापडांत मुरले होते. मी पान सात उघडलं. 'कपाटातील जुने भरतकाम केलेले टॉवेल केवळ पाहण्यासाठी आहेत. त्यांचा वापर न केल्याबद्दल धन्यवाद.'

ते पिळले. वाळवायचे कुठं? एकच जागा, खिडकी. आता त्या खिडकीबद्दल. दोन पाखांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक लोखंडी दांडा, त्याची मूठ फिरवली की दांडा फिरतो आणि वरखालचे आकडे सुटतात. बाहेर लाकडी झडपा. त्या उघड्या राहाव्यात म्हणून बाहेरच्या भिंतीत बसवलेली लोखंडी खिटी, आणि तिला टोप घातलेल्या बाईचं अंगठ्याएवढं डोकं. बाई ताठ उभी केली की झडप अडते, पाडली की झडप सुटते. त्या बाईपर्यंत पोचायला कमरेतून अर्धं बाहेर लोंबकळावं लागतं. उन्हं असताना झडपा मिटून ठेवल्याबद्दल, आणि काचा जुन्या असल्यामुळे त्यांना न रेटल्याबद्दल, आमचे आभार मानून झालेच होते. खिडकी बदलायची तर मादामच्याही हातात नसतं. संरक्षित वास्तूच्या ५०० मीटरच्या आत सरकारी वास्तुविशारदाची संमती लागते, आणि इथं शेजारी चर्च. मी ह्यांची पँट मागून घट्ट धरून ठेवली होती. हे झडपेवर तिसरा टॉवेल पसरत होते. तेवढ्यात खाली गुलाबांना पाणी घालणाऱ्या मादामनी वर पाहिलं.

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मेर्सी."

कशाबद्दल, ते आजतागायत कळलेलं नाही.

संडास वेगळा, चार पायऱ्या उतरून. जुन्या घरात मोठे नळ घालता येत नाहीत म्हणून कमोडच्या मागं एक विजेचं यंत्र बसवलेलं असतं. ते सगळ्याचं दळण करतं आणि बारीक नळीतून पुढं ढकलतं. पाण्याच्या बाटलीचं काय केलं ते विचारू नका, आपण सगळे एकाच देशातले आहोत. यंत्राचा आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा. ह्यांना ते फार आवडलं, आतली मोटर किती अश्वशक्तीची असेल यावर ते न्याहारीतही बोलले. पान नऊ: 'रात्री दहानंतर खऱ्या निकडीखेरीज वापर न केल्याबद्दल धन्यवाद.' निकड खरी की खोटी हे ठरवणार कोण?

दुसऱ्या रात्री माझी खरी निघाली. जिन्यातला दिवा बटण दाबलं की लागतो आणि ठरावीक वेळानं आपोआप विझतो. हे दारात उभं राहून, वाकून, सेकंद मोजत होते. "पस्तीस... छत्तीस... आटप!" तिसरी पायरी करकरते म्हणून पान दहावर ती ओलांडायची विनंती, आणि मी पाच फुटांची हे सांगितलंच आहे. दिवा विझला. मी अंधारात दुसऱ्या पायरीवर एक पाय आणि चौथीवर एक पाय अशी उभी असताना चर्चचे दोनचे ठोके पडले. मिनिटभरानं पुन्हा दोन. तिथं तास दोनदा वाजवतात, पहिल्यांदा मोजायला चुकला असाल तर दुसऱ्यांदा मोजा म्हणून. ज्यांना चूक परवडते त्यांच्यासाठी हे गाव आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. पलंगाच्या डोक्याशी चौकटीत जुनं कापड लावलं होतं, तांबड्या फुलांच्या वेली आणि मधे निळे पक्षी. मादामनी ओढणी सावरावी तसा आवाज सावरून सांगितलं, "अँदियेन." भारतीय! सतराव्या शतकात हिंदुस्थानातून येणाऱ्या या कापडानं फ्रान्सच्या बायका वेड्या झाल्या होत्या. रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा १६८६ मध्ये राजानं त्यावर बंदीच घातली. आणायचं नाही, छापायचं नाही, अंगावर घालायचं नाही. ती बंदी १७५९ पर्यंत होती, आणि बायका अर्थातच तोवरही नेसत होत्या. मी म्हटलं, आम्ही याला छीट म्हणतो, माझ्या आज्जीच्या गोधडीला असलंच अस्तर होतं. मादामचे डोळे चमकले. ती गोधडी आता कुठल्या संग्रहालयात आहे? मी सांगितलं नाही. शेवटी ती स्कूटर पुसायला होती. नकळत मी कापडाला हात लावायला गेले आणि थांबले. पान तीन. एकूण बंदी अजून पुरती उठलेली नाही.

निघायच्या दिवशी टॉवेल घड्या घालून कपाटात जसेच्या तसे होते. मादामनी पाहुण्यांची वही पुढं केली. मागची पानं चाळली तर सगळ्या देशांतले लोक आभार मानून गेलेले. ह्यांनी चष्मा लावला. तेहेतीस वर्षांचा अनुभव पेनात उतरला. वहीत न लिहिता त्यांनी मादामकडून एक जाड कार्ड मागून घेतलं आणि ठळक, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं:

'वाकावे. डोके शाबूत राहिल्यास आभार मानावेत.'

मादामना अक्षरांच्या वर ओढलेली रेघ फार आवडली. अर्थ काय, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ते म्हणतात दार खूप सुंदर आहे.

महिन्यानं लेकीच्या फोनवर मादामनी फोटो पाठवला. निळ्या खोलीच्या चौकटीला, खिळा मारता येत नाही म्हणून निळ्या फितीनं, ते कार्ड टांगलं होतं. हे किती वेळ बघत राहिले. मग त्यांनी फोन उलटा केला आणि माझ्या हातात दिला. मादामनी टांगलेल्या कार्डावर शिरोरेघ खाली होती आणि सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती.